सारखी नव्हती, मॅडम

वाक्य अगदी साधं होतं. 'शी लुक्ड आफ्टर मी ॲज अ मदर.' मी सवयीने 'ॲज'खाली लाल रेघ ओढली, वर 'लाईक' लिहिलं आणि पुढची वही उघडली. एका बैठकीत तीस वह्या तपासायच्या असल्या की डोकं बाजूला बसतं आणि हातच मास्तर होतो. आयुष्यातल्या महत्त्वाच्या व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला, हा आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, तोंडी भागातला नेहमीचा प्रकार. तयारीला एकच मिनिट मिळतं, म्हणून मी मुलींकडून आधी वहीत लिहून घेते. निम्म्या मुली आईबद्दल लिहितात, उरलेल्या वडिलांबद्दल. एकीने मावशीबद्दल लिहिलं होतं. जतकडची मुलगी, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. ड्युटी संपवून थेट क्लासला येते, त्यामुळे कपाळावर टोपीची रेघ आणि हाताला स्पिरिटचा वास असतो. वह्या वाटून झाल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, इथं लाईक का?"

मी वीस वर्षं सांगत आलेय ते सांगितलं. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' म्हणजे ती खरोखर नर्स आहे. 'शी वर्क्स लाईक अ नर्स' म्हणजे ती नर्स नाही, पण नर्ससारखी राबते. जे आहे त्याला ॲज, जे नाही पण तसं वाटतं त्याला लाईक. "तुझी ती मावशी ना? आई नाही ना? मग लाईक." माझ्या मते विषय संपला होता. तिने वही मिटली, पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि दारातून म्हणाली, "सारखी नव्हती, मॅडम." तिला शेवटची एसटी गाठायची होती.

मी नुसतीच फळा पुसत राहिले.

आमचा क्लास मिरजेत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. मिरजेला माणसं दोनच कामांसाठी येतात असं आम्ही गमतीने म्हणतो: दाखवायला नाहीतर वाद्य घ्यायला. दाखवायला म्हणजे डॉक्टरला. काय दाखवायचं ते कुणी विचारत नाही. त्यामुळे गावात नर्सेसना तोटा नाही आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सेसनाही. त्यांच्या लेखी परीक्षेतल्या पहिल्या प्रश्नात एक तक्ता किंवा आलेख देतात. वीस मिनिटांत किमान 150 शब्दांत त्यातलं साम्य आणि फरक मांडायचे. कुठल्या देशात लोक किती कॉफी पितात, कुठे किती सायकली खपतात, असलं काहीतरी. माझ्या भिंतीवर त्यासाठी एक मोठा कागद चिकटवलेला आहे. डावीकडे साम्याचे शब्द: सिमिलर, अलाईक, आयडेंटिकल, लाईकवाईज, रिझेम्बल. उजवीकडे फरकाचे: व्हेअरॲज, अनलाईक, डिफर, इन कॉन्ट्रास्ट. मुली तो कागद जपमाळेसारखा म्हणतात. आणि तरी पहिल्या महिन्यात प्रत्येकीच्या वहीत एकदा तरी 'सेम टू सेम' येतोच. 'शी लाईक्स माय मदर' हेही ठरलेलं. म्हणायचं असतं ती माझ्या आईसारखी आहे, आणि लिहिलेलं असतं तिला माझी आई आवडते. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर उत्तमच, पण मार्क जातात.

सगळ्यात मजा येते ती 'फरक' या शब्दाने. आपल्याकडे पेशंटला विचारतात, "काय आजोबा, फरक आहे का?" आजोबा म्हणतात, "आहे की, आठ आणे फरक पडलाय." म्हणजे निम्मं बरं वाटतंय. मराठीत फरक पडला म्हणजे चांगलाच पडला. वाईट पडला तर आपण 'जास्त झालं' म्हणतो. आता हेच इंग्रजीत करून दाखवायला सांगितलं की नर्स झालेली मुलगी पेशंट झालेल्या मुलीला विचारते, "डू यू फील डिफरंट?" तिकडचा खरा म्हातारा हे ऐकून खाटेवर उठूनच बसेल. मला झालंय तरी काय, कशात बदल व्हायचा होता? 'आर यू फीलिंग बेटर' शिकवायला फार वेळ लागत नाही. पण मला दर वेळी वाटतं की फरकाकडून इतकी चांगली अपेक्षा ठेवणारी भाषा सोडून त्या चाललेल्या आहेत.

तिकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट बदलेल. इथे वॉर्डात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, झाडलोट करणाऱ्या बाईला मावशी, वॉर्डबॉयला मामा. कुणीच म्हणत नाही की सिस्टरसारख्या बाई, जरा इकडे या.

हीच मुलगी एकदा मला शिकवून गेली होती, ते त्या संध्याकाळी आठवलं. 'सिमिलर' आणि 'आयडेंटिकल' यातला फरक सांगताना मी फळ्यावर दोन कप काढले होते. ती म्हणाली, "आमच्याकडे लासा असतं मॅडम, त्यावरून सांगू का?" लुक-अलाईक, साउंड-अलाईक. दिसायला किंवा ऐकायला सारखी असलेली औषधं. डोपामाईन आणि डोब्युटामाईन. दोन्ही आयसीयूत लागतात, दोन्ही सलाईनमधून थेंबाथेंबाने जातात, नावं घाईत एकच ऐकू येतात आणि कामं वेगळी. म्हणून लेबलवर नावातली नेमकी वेगळी असलेली अक्षरं तेवढी मोठ्या लिपीत छापतात. सारखेपणा बारीक अक्षरात, फरक ठळक. अशी औषधं शेजारी शेजारी ठेवत नाहीत. पोटॅशियम क्लोराईडच्या छोट्या कुप्या तर वेगळ्याच ठेवायच्या, कारण त्या पाण्याच्या कुपीसारख्या दिसतात आणि ते औषध पातळ न करता झपकन शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती, बोटांनी हवेत कुप्या मांडत. "आयडेंटिकलची भीती नाय मॅडम. एकच औषध दोनदा उचललं तरी तेच औषध. सिमिलरची भीती." माझे दोन कप फळ्यावर तसेच राहिले.

अशा मुलीला मी लाईक आणि ॲज समजावत होते.

क्लासवरून घरी जाताना वाटेत सतारमेकरांची गल्ली लागते. बाहेर रस्त्याकडेला भोपळे वाळत पडलेले, आत लाकडाचा भुसा, लाखेचा आणि पॉलिशचा वास, कुणीतरी पट्टीवर नक्षी बसवतंय. हे भोपळे पंढरपूरकडून येतात. गवयाला तंबोऱ्यांची जोडी हवी असली की कारागीर दोन भोपळे समोर ठेवून किती वेळ नुसते पाहत बसतो. वेलीवर वाढलेली वस्तू, दोन एकसारखी कुठून मिळणार? मिळतात ती एकमेकांना शोभतील इतकीच. त्या संध्याकाळी एका दुकानात तंबोरा लावणं चाललं होतं. चार तारा, मधल्या दोन जोडीच्या, दोन्ही एकाच षड्जाला लावायच्या. पहिली लागलेली होती. दुसरी जवळ येत होती तसा दोघींमधून एक लाट ऐकू यायला लागली, वांव, वांव, वांव. तार दूर असताना ही लाट नसते, तेव्हा सरळ दोन सूर असतात. जवळ आल्यावरच ती जाणवते, आणि जितकी तार जवळ तितकी लाट संथ होत जाते. कारागीर खालचा मणी केसभर सरकवायचा, कान टेकायचा. एका क्षणी लाट इतकी लांबली की संपली की नाही कळेना. मग संपली. कानाला एकच तार. आपण दोन बोटांनी दोन तारा छेडतोय हे डोळ्यांना दिसतंय, कान मानायला तयार नाही. मी उगाचच विचारलं, "आता सारख्या झाल्या?" तो मान न उचलता म्हणाला, "सारख्या मघाशीच होत्या. आता मिळाल्या."

घरी आल्यावर भाजी टाकली आणि कोश काढला. ही माझी वाईट खोड आहे. मनाला काही टोचलं की मी त्या शब्दाचं कूळ शोधत बसते, म्हणजे टोचणाऱ्या गोष्टीकडे बघावं लागत नाही. 'सारखा' आला संस्कृत 'सदृक्ष'वरून, प्राकृतात 'सरिक्ख' होऊन. त्यात 'दृश्' आहे, दिसणं आहे. म्हणजे सारखा हा मुळात डोळ्यांचा शब्द. इंग्रजी 'लाईक'च्या पोटात दिसणं नाही, देह आहे. जुन्या इंग्रजीत 'लिक' म्हणजे शरीर, त्यावरून एकाच देहाचा, एकाच घडणीचा तो लाईक. जर्मनमध्ये त्याच कुळातला 'लाइशं' म्हणजे प्रेत. आणि ज्या 'सेम'ला मी वहीत लाल करते तो तर आपल्या 'सम'चा सख्खा चुलतभाऊ निघाला. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला, पण मूळ घराणं एकच. म्हणजे आमच्या बाजारातला कापडवाला साडीवर ब्लाउजपीस पसरून "सेम टू सेम बघा वहिनी" म्हणतो तेव्हा तो 'समसमान'च म्हणत असतो. मी हसले. भाजी खाली लागली होती.

त्या कापडवाल्यावरून आमच्या लहानपणचा तागा आठवला. दिवाळीला वडील एकच तागा आणायचे आणि त्यातून आम्हा दोघी बहिणींचे फ्रॉक, धाकट्याचा शर्ट, उरलेल्या तुकड्यात उशीचा अभ्रा. गल्लीतून निघालो की लोक म्हणायचे, बँडवाले आले. मला त्या सारखेपणाचा संताप यायचा. ताईच्या फ्रॉकला कमरेपाशी एक चुणी जास्त आहे हे मला लांबून दिसायचं, आणि आई म्हणायची, कुठाय, दोन्ही एकाच मापाने बेतलेत. तिचं म्हणणं एवढंच की डावं-उजवं नको. आता वाटतं, किती विचित्र शब्द आहे हा. डावा हात आणि उजवा हात, एकाच माणसाचे, आरशात धरले तर हुबेहूब, आणि तरी आपण भेदभावाला त्यांचंच नाव दिलं. ताटात डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. ताटात चालतं, पोरांत चालत नाही.

आणि मग ते वाक्य आठवलं. मावशीच्या त्याच परिच्छेदात, 'ॲज अ मदर'च्या दोन ओळी खाली: 'शी नेव्हर डिड लेफ्ट राईट.' वाचताना मी खो खो हसले होते आणि ते खोडून 'शी नेव्हर डिस्क्रिमिनेटेड' असं लिहिलं होतं. म्हणजे मावशीचा स्वतःचा मुलगा आणि ही, यांच्यात तिने कधी डावं-उजवं केलं नाही. माझ्या वाक्यात ती मावशी एखाद्या कामगार न्यायालयात उभी असल्यासारखी दिसत होती.

आपल्या 'सारखा'ची आणखी एक तऱ्हा आहे, ती परक्या माणसाला समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते. सारखं म्हणजे एकासारखं दुसरं. सारखं म्हणजे सतत. पोरगं सारखं रडतंय. आणि सारखं करणं म्हणजे नीट करणं. चादर सारखी कर, पदर सारखा कर, उंबऱ्यातल्या चपला सारख्या कर. माझी आजी सारखी सगळं सारखं करत असायची, या वाक्यात पहिली सारखी वेगळी आणि दुसरं सारखं वेगळं, आणि मराठी माणूस तिथे अडखळतसुद्धा नाही. इंग्रजीला याला तीन शब्द लागतील. उलट इंग्रजीचं 'सेम' कधी कधी आपल्याला पुरत नाही. 'वुई हॅव द सेम बॅग' म्हणजे दोघींच्या तशाच पिशव्या, की दोघींत मिळून तीच एक पिशवी? आपण 'तीच' आणि 'तशीच' असं चटकन सांगून मोकळे होतो. ज्या भाषेत मावशी, काकू, आत्या आणि मामी या चौघींना एकाच 'आंट'मध्ये बसवलंय, तिच्या नियमाने मी एका मावशीचं मोजमाप घेतलं होतं. आणि आमच्यात तर म्हणच आहे, माय मरो आणि मावशी जगो. क्रूर म्हण आहे. आईच्या तोंडावर कुणी म्हणू नये. पण ज्याने केली त्याने काहीतरी पाहिलं असणार.

रात्री दिवा मालवल्यावर शाळेतले अलंकार डोक्यात आले. आमचे मराठीचे सर खडूने फळ्यावर पायऱ्या काढायचे. खालची पायरी उपमा: मुख चंद्रासारखं. मुख इकडे, चंद्र तिकडे आणि मध्ये 'सारखं' नावाचा सज्जन मध्यस्थ. त्यावर उत्प्रेक्षा: मुख म्हणजे जणू चंद्रच. त्यावर रूपक: मुखचंद्र, मध्यस्थाची रजा. आणि मग सर थोडे थांबायचे, बोटांवरचा खडू झाडायचे, आणि अपन्हुती लिहायचे. हे मुख नाहीच, हा चंद्र आहे. समोर दिसतंय ते नाकारायचं आणि ज्याची उपमा द्यायची तेच तिथे आहे म्हणून ठासून सांगायचं. परीक्षेत अपन्हुती ओळखायची खूण सोपी: 'नव्हे', 'नाही', 'कशाचे' असला एखादा नकार शोधा.

सारखी नव्हती, मॅडम.

मी उठून दिवा लावला आणि इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक काढलं. नियम मला पाठ होता तरी काढलं. नियम तोच होता. 'ॲज' म्हणजे त्या भूमिकेत, आई म्हणून. 'लाईक' म्हणजे आईसारखी. 'म्हणून' आणि 'सारखी' इतका स्वच्छ फरक आपल्याच भाषेत असताना मी तिला तो नर्सच्या उदाहरणाने समजावत बसले होते. आणि त्या नियमाप्रमाणे तिचं वाक्य कुठेही चुकलं नव्हतं. तिने 'ॲज' लिहिलं कारण तिला 'ॲज'च म्हणायचं होतं. व्याकरण ठीक होतं. नात्याची चूक मी काढली होती, तीही लाल शाईने.

पुढच्या आठवड्यात तिला थांबवून म्हटलं, तुझंच बरोबर होतं, ते 'ॲज' तसंच ठेव. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती थोडा विचार करून म्हणाली, "परीक्षेत लाईकच म्हणते मॅडम. समोरच्याला काय माहीत. उगाच मार्क जायला नकोत." एवढं बोलून ती व्हेअरॲजची वाक्यं लिहायला बसली. मला ते आवडलं की लागलं, अजून ठरवता आलेलं नाही. वहीत मात्र माझं लाल 'लाईक' आणि तिचं निळं 'ॲज' एकमेकांच्या डोक्यावर अजून बसलेले आहेत.

मग एका शनिवारी मावशी स्वतःच आल्या. डोळे दाखवायला मिरजेला आल्या होत्या, थेंब घातल्यामुळे सगळं धुरकट दिसत होतं, म्हणून पोरीचा क्लास सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिल्या. ठेंगण्या, सावळ्या, पुढच्या दोन दातांत फट, हातात औषधाच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. मुलगी चांगली उंच आणि गोरी. माझे डोळे सवयीने दोघींत साम्य शोधत होते, कान, हनुवटी, बसायची ढब. काही मिळेना. "ही माझी मोठी," मावशी मला म्हणाल्या, जणू मी तिला पहिल्यांदाच बघत होते. "धाकटा गावाकडंच असतो. तिला सांगा जरा, जेवत नाय वेळेवर." मी सांगते म्हटलं. वहीबद्दल काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण काय बोलणार, आणि कुठल्या भाषेत.

जिन्याखालून कुणीतरी ओरडलं, गाडी लागली. मुलीने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने मावशींचं कोपर धरलं. ओढणीचं एक टोक बाकाखाली लोळत होतं. ज्या डोळ्यांना समोरचा फळा दिसत नव्हता त्यांना ते बरोबर दिसलं.

"थांब गं," मावशी म्हणाल्या, "आधी ती ओढणी सारखी कर."